खालून भरलेला फॉर्म

युनियनचा फॉर्म पोरींनी खालून भरत आणला होता. पहिली सही सातव्या ओळीत, मग सहाव्या, मग पाचव्या. नमकीनच्या कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्या या पोरी. जिचं नाव सगळ्यांत वर, तिलाच मालक सगळ्यांत आधी काढणार, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळ्या तयार, पण मागून. जबलपुरात अधारतालच्या त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर सोबत काम करणाऱ्या ममताने फॉर्म ज्योतीच्या हातात ठेवला, तेव्हा एकच ओळ उरली होती. पहिली.

आठ दिवस ज्योतीने टाळाटाळ केली होती. कधी डोकं दुखतं, कधी उद्या बघू. त्याचं हे फळ.

"बाबा, तुम्हीच म्हटलं होतं ना, सगळ्यायच्या शेवटी सही कर म्हणून?"

तिला सोडायला आलेले तिचे वडील, नारायणराव, स्कूटर बंद करून उभे होते. सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, हाडाचा युनियनवाला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"तीस वर्षं जबलपुरात फॉर्म पाहिले. खालून भरलेला पहिलाच पाहून राहिलो."

"काकाजी, दोन वाजता युनियनचे भैया फॉर्म न्यायला येऊन राहिले," ममता म्हणाली. "सात नावं नाही झाली तर युनियनच नाही बनत, सब बेकार. विनता दवाखान्यात पडली आहे, अन् मालक म्हणतो, इस नाम की कोई लडकी हमारे यहाँ थी ही नहीं."

विनताचा हात पाकिटं बंद करायच्या मशीनमध्ये गेला, तेव्हा बटण ज्योतीनेच बंद केलं होतं. तोवर दोन बोटं गेली होती. काम भराभर व्हावं म्हणून मशीनवरची सुरक्षेची जाळी काढून ठेवलेली, ती अजून कोपऱ्यातच होती. आणि त्या मशीनवर आता ज्योती उभी राहत होती. सही केली तर काम जाणार. नाही केली तर हात कधी जाईल, त्याचा नेम नाही. बापाची पेन्शन आईच्या आजारपणात जायची; घर ज्योतीच्या रोजीवर चालायचं.

"नवा फॉर्म आणू," नारायणराव हळूच म्हणाले. "वरून भरू. तू सातवी राहा."

"अन् पहिली कोण, काकाजी?"

नारायणराव स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसू लागले.

ज्योतीला सगळ्यांचाच राग आला. फाटकापाशी उभ्या राहून तिच्याकडे न बघणाऱ्या पोरींचा, बापाचा, आणि लाज वाटली तरी विनताचासुद्धा. कशाला घातला हात?

"बाबा, तुमच्या युनियनमध्ये पहिलं नाव कोणाचं होतं?"

"आमच्या आधीची गोष्ट आहे ते. होता कोणी तरी. त्याले कामावरून काढलं होतं म्हणत."

"नाव काय त्याचं?"

नारायणरावांनी बराच वेळ आठवून पाहिलं. आठ तासांची ड्यूटी, भरपगारी रजा, आता ही पेन्शन, सगळं त्यांनी त्या माणसाच्या जिवावर उपभोगलं होतं.

"नाही आठवत," ते म्हणाले.

आत भोंगा वाजला. पोरी एकेक करून फाटकातून जाऊ लागल्या. ममता मात्र थांबली होती.

ज्योतीने कागद स्कूटरच्या सीटवर पसरला. तिने 'ज्योती' लिहिलं. पूर्ण नाव हवं होतं. पुढे घाईघाईत बापाचं नाव ओढायला घेतलं, तसे नारायणराव वाकले. आता हात धरतील, असं तिला वाटलं. खरं तर धरावा, असंही वाटलं.

"माझं नाव नीट लिहिजो," ते म्हणाले. "वाचता आलं पाहिजे."