अर्विदने केलेला जोड

“ती लाल चिठ्ठी माझ्या भट्टीला लावायची नाही,” अर्विद टॉलेफसन म्हणाला.

भट्टी खरं तर त्याच्या मुलीची, कर्स्टनची. पण नातीला ऊब मिळावी म्हणून तळघरातल्या त्या भट्टीपर्यंत गॅसची नळी आणली होती अर्विदनेच, थंडी सुरू व्हायच्या आधी, स्वतःच्या हातांनी. उभा जन्म त्याने कागदगिरणीत नळ्या जोडण्यात घालवला होता. आणि आता गॅस कंपनीचा जेरोम नावाचा माणूस त्याच नळीचा कॉक बंद करून वर धोक्याची चिठ्ठी अडकवत होता. बाहेर मिनेसोटातला जानेवारी. घर इतकं गारठलं होतं की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. तान्ह्या मारेनला अर्विदने कोटाच्या आत घेतलं होतं. राग नेहमीप्रमाणे नाकावर होता.

“तुला बोलावलं कुणी?”

जेरोमने पाना पिशवीत ठेवला आणि कर्स्टनकडे पाहिलं. ती जिन्यापाशी बोटं चोळत उभी होती.

“शेजारच्या होदानने, बाबा. सांबुसे, त्यांचे समोसे, द्यायला आली होती. दारातच तिला गॅसचा वास आला, आणि तिने तिथूनच फोन केला. रागावू नका तिच्यावर. सोमालियातून आलेली माणसं, इथे नवीन आहेत. आपल्या रीती ठाऊक नाहीत तिला.”

“मग शिकून घ्याव्यात. तिच्या दारातलं बर्फ मी लोटतो, त्याचे चांगले पांग फेडले. वास आला तर मला येऊन विचारायचं. परस्पर कंपनीला कळवते म्हणजे काय?”

कर्स्टनने नुसती मान डोलावली. या मुलखात एखाद्याच्या तोंडावर त्याची चूक सांगणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. लोक हसतात, मान डोलावतात, हवापाण्याचं बोलतात.

जेरोमने कॉक क्षणभर उघडला आणि जोडावर साबणाचं पाणी फवारलं. नळीच्या आट्यांपाशी एक बुडबुडा उगवला, फुगला, द्राक्षाएवढा झाला आणि फुटला. त्यामागे दुसरा. जेरोमने कॉक पुन्हा बंद केला.

“जोड केल्यावर साबण लावून पाहिला होता का काका?”

“हुंगून पाहिला होता. गिरणीत विचार जाऊन. साबणाला सापडत नाही ती गळती अर्विदच्या नाकाला सापडते, म्हणायचे लोक.” नव्या पोरांना मात्र तो स्वतःच शिकवत असे की साबण लावल्याशिवाय जोड पुरा होत नाही. ते त्याला आत्ता आठवलं, आणि आठवलं म्हणून त्याचा पारा आणखी चढला. “आज सैल झाला असेल. भट्टी थरथरते, आटे सुटतात. आधीपासून गळत असता तर मला कळलं नसतं? दर रविवारी येतो मी इथे. काय दिसतं? ऐन थंडीत ही खिडकी फळकूट लावून उघडी ठेवलेली. ऊब सगळी रस्त्यावर. विचारलं तर म्हणे बाळाला मोकळी हवा चांगली. आणि वर चिठ्ठी मला.”

बोलता बोलता तो जेरोमच्या अगदी जवळ गेला. जेरोम पाऊलभर मागे सरला. हात नाकापाशी नेऊन त्याने घाईने खाली घेतला.

“नाक काय मुरडतोस?”

“छे, तसं काही नाही, काका.” जेरोमही इथलाच. तो चिठ्ठीची दोरी उगाचच पुन्हा बांधायला लागला. कर्स्टन जमिनीकडे बघत राहिली.

तेवढ्यात होदान विजेचा छोटा हीटर घेऊन खाली उतरली. शेवटच्या पायरीवरच थबकली आणि सरळ अर्विदपाशी आली.

“आजोबा, बाळाने शी केलीय. केव्हाची केली असणार. तुम्हाला वास येत नाही का?”

जेरोमचे हात चिठ्ठीच्या दोरीवरच थांबले.

अर्विदने मान खाली घातली. मारेनच्या लंगोटापाशी नाक नेऊन त्याने खोल श्वास घेतला. मग आणखी एक. काही नाही. नुसती थंड हवा. गेल्या वर्षीच्या तापानंतर कॉफीला वास उरला नव्हता. त्याने डबे बदलले, दुकान बदललं, चर्चमध्ये सगळ्यांपाशी कॉफीच्या नावाने बोटं मोडली. आणि सगळ्यांनी मान डोलावली होती की हो, अर्विद, कॉफी आता पूर्वीसारखी राहिली नाही.

त्याने बाळ होदानच्या हातात दिलं आणि मुलीकडे वळला.

“तुला येत होता? गॅसचा?”

“पहिल्या दिवसापासून,” कर्स्टन म्हणाली. “म्हणून तर खिडकी. नाताळ झाल्यावर सांगणार होते. मग तुमचा वाढदिवस आला.”

अर्विदने भट्टीकडे पाहिलं, त्या उघड्या खिडकीकडे पाहिलं. त्याने हात कोटाच्या खिशात कोंबले. त्याचा संताप आता ना होदानवर होता ना त्या चिठ्ठीवर.

“आणि पोरीला रोज याच घरात झोपवत होतीस?”

कर्स्टनचे डोळे भरून आले. तिने जवळ येऊन त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली, आणि बोलली तीही अगदी हळू, निदान आता तरी त्याचं मन दुखू नये अशा बेताने.

“तुम्ही एवढ्या मायेने केलं होतं, बाबा. तुम्हाला वाईट वाटलं असतं.”