बुडबुडा

अप्पा चाकणच्या एका कंपनीत लीक टेस्टिंगला आहेत. पार्टमध्ये हवा भरायची, तो पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की रिजेक्ट, नाही आला तर ओके.

आईच्या वर्षश्राद्धाला मी घरी आले होते. पाहुणे गेल्यावर अप्पांना माझं काम दाखवावं म्हणून लॅपटॉपवर आमच्या खोल समुद्रातल्या संशोधनाचा व्हिडिओ लावला. काळ्याभोर समुद्राच्या तळातून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती.

"रिजेक्ट!" अप्पा हसले.

"आमच्याकडे उलटं असतं, अप्पा. इतक्या खोल अंधारात बुडबुडे दिसले की आम्ही तिथंच थांबतो. बहुतेक वेळा आसपास जीव सापडतात. शनीच्या एका चंद्रावर बर्फाच्या भेगांतून पाणी बाहेर उडतं, म्हणून तिथंही जीव शोधायचाय."

अप्पांनी स्क्रीनवरच्या बुडबुड्यांवर बोट टेकवलं.

"विजू, तुझी आई कधी दुखतंय म्हणाली न्हाई, की कशावरनं रुसली न्हाई. तीस वर्षांत एक बुडबुडा न्हाई. अन् मी आपला ओके धरून शिफ्टला जात ऱ्हायलो."