एकशे सतरा

पडद्यावर एकशे सतराच्या ओळीत तीन ठिपके उगवले होते. तिने नमुना पुन्हा चालवला. पुन्हा तेच तीन.

लिम्फोमा या कर्करोगाच्या गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रोग्याच्या रक्तात शोधायचे, हे तिचं काम. ठिपक्यांतून दिसणारे हे तिन्ही जनुकीय बदल वर्षापूर्वी एकशे सतराच्या गाठीत सापडले होते. उपचारांनंतरच्या चार नमुन्यांत त्यांचा मागमूस नव्हता. आता ते परतले होते, आणि गेल्या आठवड्याच्या स्कॅनला त्याचा पत्ताही नव्हता.

नळ्यांवर नावं नसतात. पण एकशे सतराने पहिल्याच दिवशी या संशोधन-अभ्यासाचं नंबर असलेलं कार्ड ताटाशेजारी आपटून जाहीर केलं होतं, "आजपासून बाबा म्हणायचं नाही. कैदी नंबर एकशे सतरा!"

दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगून तिने या कामातून बाजूला व्हायला हवं होतं. ते रक्त परक्या हाती द्यायला मन धजलं नाही. ती गप्प राहिली.

आता ती प्रमुखांच्या दारात उभी राहिली. "सर, एखाद्याचं परत दिसलं तर... त्याच्या डॉक्टरांना कळवायचं?"

"हा अभ्यास आहे, निदान नाही. संपेपर्यंत कोणाला काही कळवायचं नाही, ठाऊक आहे ना तुला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? कोणाचं आहे?"

"सहज विचारलं."

घरी बाबा आरशासमोर उभे होते, शर्टाची दोन बटणं उघडी. औषध चढवण्यासाठी गळ्याखाली बसवलेली डबी कातडीतून वर आली होती. स्कॅन स्वच्छ, म्हणून सोमवारी ती काढायची होती. त्याची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली होती.

"एकदा ही निघाली की पोहायला जाणार बघ. बुडालो तर कपडे तेवढे घरी आण." ते वळले. "बरं, शास्त्रीणबाई, काय म्हणतो आमचा एकशे सतरा?"

हा त्यांचा जुना खेळ. तिने म्हणायचं, "सांगता येत नाही. नियम म्हणजे नियम." त्यांनी म्हणायचं, "लाच घे. चहा टाकतो." चार वेळा असंच झालं होतं.

ती चपलेचा बंद सोडवायला वाकली. "छान आहे, बाबा. अगदी छान."

बाबांनी एक बटण लावलं. मग दुसरं.

"नियम बदलला वाटतं."

तिने मान वर केली नाही. बंद केव्हाच सुटला होता, तरी बोटं तिथेच होती.

ते फ्रिजपाशी गेले. चुंबकाखालची चिठ्ठी काढून त्यांनी तिची घडी घातली, आणि पाकिटात एकशे सतराच्या कार्डामागे सरकवली.

"दवाखान्यात फोन कर. म्हणावं, सोमवारी नको. डबी राहू दे आणखी थोडे दिवस." मग ते स्वयंपाकघराकडे वळले. "चहा टाकतो. लाच नव्हे हं. नुसता चहा."