फुगलेली बॅटरी

"मॅडम, टोचलं तर पेट घेईल," लॅपटॉप दुरुस्त करायला आलेला नितेश म्हणाला. "आधी साहेबांना आतल्या खोलीत न्या."

शुभाने व्हीलचेअरकडे पाहिलं. देवव्रतने दोनदा डोळे मिटले. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. कालपासून नवराबायकोचं एवढंच बोलणं उरलं होतं. कारण ज्याच्यातून तो बोलायचा, तो लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगून झाकण वर आलं होतं.

कंपनीच्या सेंटरवाल्यांनी हातसुद्धा लावला नाही. हे मॉडेल उघडत नाही, बदलून घ्या, म्हणाले. बदलला की आतलं सगळं जाणार होतं. आणि आत देवव्रतचा आवाज होता. आजाराने वाचा जायच्या आधी त्याने रोजची वाक्यं स्वतःच बोलून ठेवली होती. पडद्यावरच्या वाक्यावर त्याने नजर रोखली की ते त्याच्याच आवाजात घरात ऐकू यायचं.

"मेमरी काढ आणि दुसऱ्यात टाक ना," शुभा म्हणाली.

"निघत नाही. बोर्डालाच सोल्डर केलीय. पूर्वी दोन स्क्रू काढले की हातात यायची. आता सगळं एकजीव करून ठेवतात, कोणी उघडूच नये म्हणून." घाटकोपरहून मुलुंडला येईपर्यंत त्याने फोनवरही हेच ऐकवलं होतं. "ही बॅटरी काढायची आणि नुसत्या चार्जरवर चालतो का बघायचं. दुसरा रस्ता नाही."

रबरी पायांखाली दडवलेले स्क्रू काढून त्याने झाकण उचकटलं. बॅटरी डिंकाने घट्ट बसवलेली होती. प्लास्टिकची पट्टी खाली शिरेना. शुभाने गोधडीचा जाड दोरा आणला. एक टोक त्याने धरलं, एक तिने. करवतीसारखा तो दोरा दोघं बॅटरीखालून इकडून तिकडे ओढत राहिले.

अर्ध्यावर बॅटरी वाकली. गोडसर वास आला.

"बास!" नितेशने हात मागे घेतला. "गळतेय ही. माझ्याच्याने नाही होणार. घर पेटेल, मॅडम."

"टोक सोडू नकोस."

देवव्रत डोळे मिटत होता. दोनदा. पुन्हा दोनदा. पुन्हा. शुभाने ते पाहिलं आणि आपली खुर्ची सरकवून त्याच्याकडे पाठ केली. त्याचं बोलणं तिने असं कधी तोडलं नव्हतं.

"ओढ, नितेश."

दोरा तिच्या बोटात रुतला. डिंक चिकट आवाज करत सुटला, आणि नितेशने ती बॅटरी उचलून शेजारच्या बांधकामावरून आणलेल्या रेतीच्या बादलीत टाकली. बादली घेऊन तो गॅलरीत धावला. रेतीतून फुस्स आवाज झाला, धुराची एक रेघ निघाली आणि थांबली.

बादली तिथेच ठेवून तो आत आला. मग नितेशने लॅपटॉप दोन डब्यांवर टेकवून उभा केला, चार्जर लावला.

काळा पडदा. पंखा घरघरला, बंद पडला, पुन्हा घरघरला.

मग पडद्यावर वाक्यं उमटली. शुभाने व्हीलचेअर समोर आणली, पण देवव्रतकडे बघायचं तिने टाळलं. तो रागावला असणार, हे तिला ठाऊक होतं.

नितेशने खिशातून डिंकाची ट्यूब काढली. "झाकण चिकटवून टाकतो आता. होतं तसं."

तोच खोलीत भरदार पुरुषी आवाज घुमला.

"लावू नकोस, शुभा. उघडंच राहू दे."

हे वाक्य देवव्रतने बेडरूमच्या दारासाठी बोलून ठेवलं होतं.

नितेशने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि ट्यूबचं टोपण परत लावलं.