बांधायचं न्हाई

"कुत्र्याला बांधायचं न्हाई, ताई. हितं येवढी एकच अट," तंबूची खुंटी ठोकताना कॅम्पवाले गेणूबा म्हणाले.

ब्रुनो चौदा वर्षांचा. दुधात कुस्करलेली चपाती खायची आणि पडून राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य. पण आजूबाजूला डोंगरातलं जंगल, दहा पावलांवर तलाव. गेणूबांची पाठ वळताच मी त्याला जांभळीला बांधलं.

सकाळी जांभळीला दोरीचा तुकडा लोंबत होता. चावून तोडलेला, ओलाचिंब. ब्रुनो पाण्याकडे बघत शेपूट हलवत होता. तिकडे कुणीच नव्हतं.

गेणूबा चिडतील म्हणून मी आधीच चूक कबूल केली. ते दोरी हातात घेऊन मटकन खाली बसले.

"आमचं गाव ह्या पाण्याखाली हाय. गाव उठलं तवा आमच्या खंड्या कुत्र्याला मीच दारात बांधला. म्हणलं, दुसऱ्या खेपेला नेऊ. त्याच्या आधी धरणाचं पाणी आलं." त्यांनी दोरीचं टोक चाचपलं. "तुमच्या कुत्र्यानं दोरी तोडली. खंड्याला साखळी होती."

मी ब्रुनोला जवळ ओढलं आणि त्याचं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.