पाळण्यापुढचा माइक

माइक नीट लावण्यासाठी हवालदार रणजितनं आयुष्यात पुष्कळ घाम गाळला होता. मुद्दाम वाईट लावायची ही पहिलीच खेप, आणि तेच काम जास्त अवघड निघालं.

जयपूरच्या मिलिटरी स्टेशनात भाषण कुणाचंही असो, माइक रणजितच लावायचा. गरजणाऱ्या साहेबांना हातभर लांब, पुटपुटणाऱ्या पंडितजींना थेट ओठांशी, आणि ज्यांना भाषण संपवता येत नाही त्यांना असा, की बटण रणजितच्या बोटाखाली राहील. आज मात्र समोर भाषणवाला नव्हता. पाळणा होता. त्यात सांगानेरी छापाच्या दुपट्यात गुंडाळलेली त्याची लेक होती आणि तिचं बारसं होतं.

नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं. आत्या सांगते, तेही कुजबुजत. कुजबुजीला माइक लागतो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण दोन्ही आज्यांनी रणजितला वेगवेगळं गाठून एकच हुकूम सोडला होता : "माइक लाव. विहीणबाईंना नीट ऐकू गेलं पाहिजे."

कारण साताऱ्याहून आलेल्या त्याच्या आईला, सुलोचनाबाईंना, नाव हवं होतं गिरिजा. अकोल्याहून आलेल्या सासूबाईंना, मालनबाईंना, हवं होतं रेवा. आणि रणजित दोघींनाही 'हो' म्हणून बसला होता. सियाचिनची थंडी काढून आलेला गडी, दोन लुगड्यांपुढे गारठला.

बायको, प्रणाली, एवढंच म्हणाली होती, "तू घातलास घोळ, तूच निस्तर. मी बाळंतीण आहे."

निस्तरायचा उपाय त्यानं माइक भाड्यानं देणाऱ्या टेंटवाल्याच्या दुकानातच शोधला होता. मान वाकणारा हा माइक तोंडासमोरचं ऐकायचा, पाठीमागचं नाही. तेव्हा माइकची पाठ पाळण्याकडे. मग कानात काहीही सांगा, हॉलभर ऐकू येणार पंख्याची घरघर. दोष मशीनचा. आई गिरिजा समजेल, सासूबाई रेवा समजतील, आणि मुलगी शाळेत जाईपर्यंत पुढचं काहीतरी सुचेलच.

"दादा, पण मी सांगू तरी काय तिच्या कानात?" त्याच्या बहिणीनं, कीर्तीनं विचारलं.

"काहीही सांग. पाढे म्हण."

कीर्ती पाळण्यावर वाकली. रणजित कोपऱ्यात स्पीकरच्या बटणांपाशी उभा राहिला आणि तिथूनच त्याला दिसलं : पदर सावरता सावरता कीर्तीनं एका बोटानं माइकची मान स्वतःकडे फिरवली. अगदी सहज, नळाची तोटी फिरवावी तशी.

त्यानं आवाजाच्या बटणावर झडप घातली. आई आडवी आली.

"आवाजाचं हेच न्हवं?" म्हणत तिनं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं.

"कुर्रर्र..." हॉलच्या चारही भिंतींतून कुजबुज आली. "राणी, तुझ्या बापानं दोन्ही आज्यांना हो म्हटलंय. एकीला गिरिजा, एकीला रेवा. आता दोघी माझ्याकडे बघतायत. तूच सांग बाई, मी कुणाची नजर चुकवू?"

बाळाला उचकी लागली. तीही स्वच्छ ऐकू आली. माइक फारच चांगला लागला होता.

रणजितनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आई पाळण्याच्या एका बाजूला होती, सासूबाई दुसऱ्या, आणि माइक दोघींच्या नाकासमोर.

"अवो विहीणबाई," मालनबाई म्हणाल्या, "जावयाचा जीव टांगनीला लावला की आपुन! गिरिजाच ठेवा. भारदस्त हाय. हाक मारली तं दोन गल्ल्या ऐकू जाते."

"न्हाई ओ, रेवाच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "दोन अक्षरांत काम. शाळंत हजेरीला बरं."

"असं कसं? मान तुमचा हाय."

"मान गेला खड्ड्यात. हौस तुमची हाय."

"मी रेवा म्हनू देनारच नाही!"

"आन् मी गिरिजा म्हनू देईन व्हय?"

पुढच्या रांगेत शेखावतभाभींनी शेजारणीला विचारलं, "नाम क्या रखा?"

"अभी तो लड़ाई चल रही है," शेजारीण म्हणाली, "लेकिन उलटी."

मागच्या रांगेतल्या जवानांनी टाळ्या सुरू केल्या. प्रणाली हसून हसून खुर्चीला धरून बसली. आवाज आता बाहेर रस्त्यापर्यंत जात होता, म्हणून रणजितनं घाईनं बटणाकडे हात नेला. तोवर त्याच्यापाशी आलेल्या कीर्तीनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे चालू, दादा," ती म्हणाली. "पहिल्यांदाच एकमेकींचं ऐकतायत."