एक घर उजवीकडे

तक्त्याची शेवटची ओळ एक घर उजवीकडे सरकली होती. बाकी सगळे आकडे बरोबर होते. गरज नव्हती, तरी तिने संगणकाच्या पडद्याला फूटपट्टी लावून खात्री केली.

प्रकल्पात सगळे तिला फूटपट्टीच म्हणत. बंदरांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा तो प्रोग्राम कोणालाही फुकट वापरता येई, उघडून सुधारताही येई. निरनिराळ्या देशांतली मूठभर माणसं नोकरी-धंदा सांभाळून तो चालवत. कोण कोणाचं कोण, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. काम तेवढं बघत.

प्रोग्राम ज्यांनी सुरू केला, त्यांना सगळे आजोबा म्हणत. ते मात्र लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो करत. त्यांनी घातलेला एक नियम सगळे पाळत. दुसऱ्याची चूक परस्पर दुरुस्त करायची नाही. ती सगळ्यांसमोर दाखवायची, आणि ज्याची चूक त्यानेच उत्तर द्यायचं.

ही चूक आजोबांची होती. तिने लिहिलं, ‘शेवटची ओळ सरकली आहे.’

चहा गाळेपर्यंत उत्तर आलं. ‘चूक माझी. दुरुस्त केली. आभारी आहे. तुमच्याकडे थंडी पडली का?’

‘पडली,’ तिने लिहिलं. पुढे आणखी काही लिहावं असं वाटलं, पण सुचलं नाही. तिने कप विसळून टाकला.

दुपारी भोंग्याचा फोन आला. आजोबांनंतर प्रकल्पातला हाच सगळ्यांत जुना गडी. तो बोलायला लागला की फोन कानापासून लांब धरावा लागे.

“पुन्हा?”

“पुन्हा.”

“हल्ली दर आठवड्याला चाललंय. आणि दर वेळी तू तपासतेस त्याच विभागात! काय खुन्नस आहे का म्हाताऱ्याची तुझ्यावर?”

“आकडा कधी चुकत नाही त्यांचा. फक्त मांडणी.”

“आज मांडणी, उद्या आकडा. लोक आपल्या तक्त्यावर बोटी सोडतात, फूटपट्टे. चावी काढून घ्यायला हवी. सगळे तयार आहेत, तुझंच अडलंय.”

चावी म्हणजे प्रोग्राममध्ये थेट बदल करायचा अधिकार. ती गेली, की आजोबा स्वतःच्याच प्रकल्पात बघे होणार होते.

“मी सांगू त्यांना? आकडा डोळ्यांनी नाही, पट्टीने तपासायचा, हे त्यांनीच शिकवलंय मला.”

“चुका तू दाखवल्यास, सांगायचंही तूच. आणि जरा माणसासारखं बोल. तुझं एका शब्दाचं उत्तर वाचून मलाच हुडहुडी भरते.”

फोन ठेवून तिने आजवरच्या चुकांची यादी चाळली. एखादी ओळ गुपचूप सरकवून टाकली असती, तर कोणाला कळलं असतं? पण तिने एकही सोडली नव्हती. तिने दाखवलेली प्रत्येक चूक त्यांच्या नावावर जमा होत गेली होती.

रविवारी सकाळी तिने खुर्चीवरची रिकामी बॅग खाली ठेवली. सुट्टी जवळ आली, की ती बॅग कपाटावरून उतरवायची आणि सुट्टी संपली, की परत वर चढवायची. ती बसली. नंबर शोधावा लागला नाही.

पलीकडे भिंतीवरच्या घड्याळाचे टोले पडत होते. घड्याळ अजूनही पुढेच होतं.

“बोला,” आजोबा म्हणाले.

“चावीबद्दल बोलायचं होतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं, की...”

“काढून घ्यावी. बरोबरच आहे. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.”

ते इतक्या सहज म्हणाले, की तिने तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं वाया गेली.

“डोळे दाखवलेत का कोणाला?”

“डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवतो अजून. शर्टाची बटणं आता मलाच लावावी लागतात.”

“मग या चुका?”



“मुद्दाम करत होतो,” ते म्हणाले. “आकड्याला कधी हात लावला नाही. बोटी बुडवायच्या नव्हत्या मला. पण तुझ्या विभागात काही सरकलं, की तू लिहायचीस. मग नियमाने मला उत्तर द्यावंच लागायचं. तुझी आई होती तोवर फोन ती लावायची आणि माझ्या हातात द्यायची. मी लावायला घेतला, की काय बोलायचं तेच सुचत नाही बघ.”

तिने पायाशी पडलेली बॅग उचलून मांडीवर घेतली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी घरी येतेय.”